नव्या चेनसॉच्या पहिल्या दहा टाक्या

(एका सभासदाकडून)



या पानावर नेहमी लागण, खोडवा, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहिले जाते. आज ऊस सोडून जरा बांधाकडे वळावयाचे आहे. बांधावरची बाभूळ, विहिरीशेजारची नीलगिरी, वळवाच्या वाऱ्यात ऊसवाटेवर आडवा झालेला सुबाभूळ, ही आपणा सर्वांचीच डोकेदुखी. ऐन हंगामात असे एखादे झाड वाटेत पडले की गाड्या अडतात, तोडलेला ऊस फडातच वाळतो आणि वजन घटते. पूर्वी दोघांनी आडवी करवत ओढत अख्खा दिवस घालवावा लागे. आता वाडीवस्तीवर चेनसॉ आली आहेत. कोणी त्याला कटर म्हणते, कोणी नुसतेच मशीन.

मशीन आले ते बरेच झाले. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या वाडीत पाच नवी मशिने आली आणि त्यांतली दोन पहिल्या पंधरवड्यातच पिस्टन धरून दुकानी परत गेली. दोष मशीनचा नव्हता. डिझेल इंजिन घेतले तर आपण मेस्त्रीला विचारून चालवतो, ट्रॅक्टर घेतला तर पहिली सर्व्हिस चुकवत नाही. चेनसॉ हातात मावते म्हणून तिला आपण कोयता समजतो, तिथे घोटाळा होतो.

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवायला लिहीत नाही. माझे पहिले मशीन मी २०१२ साली घेतले. दुकानातल्या पोराने ते फरशीवर ठेवून चालू केले आणि आवाज दाखवायला पाच-सहा वेळा पूर्ण रेस केले. मलाही बरे वाटले. घरी अंगणात भावकी जमली तेव्हा मीही तेच केले. लाकूड कुठेच नव्हते, नुसता आवाज. तिसऱ्या दिवशी मी उसाच्या बिलाच्या चौकशीला कारखान्यावर आलो होतो. इकडे टाकी संपली म्हणून घरच्या पोराने मोटारसायकलमधले पेट्रोल नळीने काढून मशीनमध्ये भरले. तेल मिसळलेल्या पेट्रोलचा डबा शेजारीच होता, पण त्यावर काही लिहिलेले नव्हते. त्यात पोराची चूक किती आणि माझी किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. दहा मिनिटे मशीन नेहमीपेक्षा जोरात, कर्कश ओरडत चालले आणि जागच्या जागी थांबले. दोरी ओढली तर हलेना. नवे सिलिंडर-पिस्टन बसवण्यात मशीनच्या जवळजवळ निम्म्या किमतीएवढे पैसे गेले. चुकीच्या इंधनाला वॉरंटी नाही असे कार्डावर बारीक अक्षरांत छापलेले होते. मी ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचले.

त्या दुरुस्त मशीनने पुढे पुष्कळ काम केले. २०१९ च्या महापुरात रानात वाहून आलेली झाडे त्यानेच कापली. गेल्या उन्हाळ्यात नवे घेतले तेव्हा मात्र ठरवले, की या वेळी पुस्तिका आधी वाचायची आणि दोरी नंतर ओढायची.

आधी इंजिन समजून घेऊ. चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे जुनी राजदूत किंवा लूना होती त्या जातीचे. ट्रॅक्टरच्या इंजिनात तेलाचा वेगळा साठा असतो आणि ते पंपाने फिरवले जाते. इथे तसे काही नाही. पेट्रोलमध्ये जे टू-टी ऑइल आपण मिसळतो तेवढेच तेल पिस्टन, रिंगा आणि क्रँकच्या बेअरिंगला मिळते. तेल नसले तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो. मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेणारे हे इंजिन आहे. चूक सुधारायला ते सवड देत नाही.

नव्या इंजिनात आणखी एक गोष्ट असते. सिलिंडरची भिंत आणि रिंगा वरून कितीही गुळगुळीत दिसल्या तरी त्यांचे पृष्ठभाग अजून एकमेकांवर बसलेले नसतात. घासण जास्त, म्हणून उष्णताही जास्त. चालता चालता बारीक उंचवटे झिजतात, रिंग भिंतीला सगळीकडून नीट टेकते आणि मगच दाब पूर्ण धरला जातो. पूर्वी नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी चिठ्ठी लावत, ती याचसाठी. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत म्हटले आहे, की पहिल्या तीन टाक्या लाकडाबाहेर पूर्ण रेस करू नये आणि इंजिनाची पूर्ण ताकद ५ ते १५ टाक्या जळल्यावर मिळते. पहिल्या दिवशी मशीन मंद वाटले तर घाबरण्याचे कारण नाही.

पण इथे एक उलटा गैरसमजही आहे. काही जण ‘नवे आहे, जपून’ म्हणून अर्ध्या रेसवर लाकूड कापतात. तसे करू नका. साखळीला फिरवणारा क्लच वेगाने बाहेर फेकला जाऊन धरतो. रेस कमी असली तर तो घसरत राहतो आणि स्वतःच तापून जळतो. लाकडाला साखळी लावताना रेस पूर्ण द्यावी, लाकडातून बाहेर येताच सोडावी. पहिल्या तीन टाक्यांत मोठा ओंडका घेऊन सलग दहा मिनिटे मशीन दाबायचे नाही. मनगटाएवढ्या, मांडीएवढ्या फांद्या कापाव्यात, मधून मधून उसंत द्यावी. जोराचा काप झाला की लगेच बंदही करू नये. अर्धे मिनिट मंद चालू द्यावे, म्हणजे पंख्याची हवा सिलिंडरची उष्णता ओढून नेते.

आता मिश्रण. पुस्तिकेत ५० ला १ लिहिले असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल, पाच लिटरला १००. बहुतेक कंपन्या हे प्रमाण चांगल्या प्रतीच्या, त्यांनी सांगितलेल्या तेलासाठी देतात. साध्या टू-टी तेलासाठी अनेक पुस्तिकांत २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर दिलेले असते. अंदाजाने ‘एक झाकण’ टाकू नये, कारण झाकणे निरनिराळ्या आकाराची असतात. औषधाच्या बाटलीवर किंवा पिचकारीवर मिलिलिटरच्या खुणा असतात, तेवढे पुरे. आधी डब्यात थोडे पेट्रोल, मग सगळे तेल घालून हलवावे, मग उरलेले पेट्रोल. आणि डब्यावर ठळक रंगाने लिहावे: ‘कटरचे’. टू-टी तेलाला निळा, हिरवा किंवा लाल रंग दिलेला असतो. त्यामुळे डब्यात रंग न दिसणारे पेट्रोल मशीनच्या टाकीत कुणीही घालायचे नाही, असा नियम मी घरात केला आहे. बारा वर्षांचा नातूसुद्धा तो पाळतो.

याच ठिकाणी आपल्या उसाचा संबंध येतो. आपल्या मळीपासून आणि रसापासून झालेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२५ साली देशाने २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. उसाला त्यामुळे आधार मिळाला, हे आपण जाणतोच. आपण कारखान्यावर घातलेला ऊस एका अर्थाने आपल्याच चेनसॉच्या टाकीत परत येतो. परंतु या लहान इंजिनांना ते कसे सोसते हेही माहीत असले पाहिजे. इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो. कारबोरेटरचे भोक तेवढेच राहिले आणि इंधनातच ऑक्सिजन आला, की मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. पातळ मिश्रण गरम जळते. हाताने स्क्रू फिरवून लावायच्या कारबोरेटरच्या मशिनांना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची मुभा दिलेली बहुधा आढळते. स्वतःच मिश्रण जुळवून घेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कारबोरेटरला काही कंपन्या त्याहून जास्त चालते असे सांगतात. आपली पुस्तिका काय म्हणते ते पाहावे आणि विकत घेण्यापूर्वीच दुकानदाराला हा प्रश्न विचारावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात अर्धा रिकामा डबा महिना-दोन महिने पडून राहिला तर पाणी इतके होते, की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टू-टी तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहते. मशीनच्या टाकीतली गाळणी तर तळाशीच लोळत असते. म्हणजे इंजिन तेल नसलेला खालचा थर पिते. मिश्रण बरोबर केले होते तरी पिस्टन कसा धरला, असे विचारणाऱ्यांचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते. तेव्हा आठ-पंधरा दिवसांत संपेल एवढेच मिश्रण करावे आणि डबा घट्ट बंद ठेवावा. जुन्या मशीनच्या रबरी नळ्या आणि कारबोरेटरचे पडदेही अशा पेट्रोलात लवकर कडक पडतात. माझ्या जुन्या मशीनची नळी गेल्या वर्षी हात लावताच तुटली.

आता नव्या मशीनचा पहिला दिवस सांगतो. आमच्या ओढ्याकाठी बाभळीचा एक वाळका ओंडका होता, साधारण दहा इंच जाड. जुने आणि नवे दोन्ही तिथे नेले. शेजारचे तात्या बांधावर बसले होते. त्यांना म्हटले, तुम्ही आकडे मोजा. जुन्याने तात्यांच्या चौदा आकड्यांत एक फाक पाडली. नव्याला अठरा लागले. तात्या हसून म्हणाले, “आरं, ह्यात दमच न्हाई. जुनं बघ कसं वरबाडतंय. उद्याच्याला नेऊन परत दे त्येला.”

मी म्हटले, “तात्या, पहिल्या टाकीला काय बोलायचं? थोडं थांबा.”

“थांबायचं कशापायी? पैसं तर आजच मोजलंस न्हवं?”

मलाही मनातून वाईट वाटले, हे कबूल करतो. पण दोन्ही मशिनांची पट्टी १६ इंची आणि साखळी एकाच मापाची मुद्दामच घेतली होती. तेव्हा साखळ्यांची अदलाबदल करून पाहिली. जुन्याची साखळी नव्यावर घातली तर आकडे पंधरावर आले. नव्याची साखळी जुन्यावर घातली तर जुनेच सतरावर गेले. म्हणजे दोन इंजिनांत फरक एका आकड्याचा होता आणि साखळ्यांत तीन आकड्यांचा. तात्यांनी इंजिनाला दिलेली शिवी साखळीला लागू होती.

साखळी बदलताना एक सावधगिरी घ्यावी. मापे तीन असतात: लागोपाठच्या तीन रिव्हेटांतल्या अंतराचा निम्मा भाग, पट्टीच्या खाचेत चालणाऱ्या पायांची जाडी आणि त्या पायांची संख्या. तिन्ही जुळली तरच साखळी बसते. शिवाय क्लचजवळची दातेरी चक्री झिजलेली असेल तर नवी साखळी तिच्यावर चालवू नये, साखळीही त्याच मापात झिजून खराब होते. दोन साखळ्या संपल्या की चक्री बदललेली बरी. मी जुन्याची चक्री मार्चमध्येच बदलली होती म्हणून हा प्रयोग करता आला.

मग जुन्या साखळीत असे काय होते? चेनसॉच्या प्रत्येक दात्यापुढे एक लहान उंचवटा असतो. दाता लाकडात किती खोल शिरायचा हे तो ठरवतो. साधारणपणे तो दात्याच्या धारेपेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली असावा, म्हणजे पोस्टकार्डाच्या दोन-तीन जाडी. कानस मारता मारता दाता मागे सरकतो आणि खाली येतो, म्हणून हा उंचवटाही अधूनमधून घासावा लागतो. मी तो बेताबाहेर घासला होता, एक मिलिमीटरच्याही वर. त्यामुळे जुने मशीन ‘वरबाडत’ होते. पाहणाऱ्याला ती ताकद वाटते. धरणाऱ्याला विचारा. दर फाकीला हिसका, संध्याकाळी कोपरापर्यंत हात बधिर, क्लचला मार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उसळी.

उसळीविषयी इथेच सांगून टाकतो, कारण जुने-नवे हा वाद तिच्यापुढे किरकोळ आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला किंवा मागच्या फांदीला टेकला, की दाते लाकडात अडकतात आणि सगळी पट्टी उलटून माणसाच्या तोंडाकडे, मानेकडे येते. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे घडते. म्हणून टोकाने कापायचे नाही, खांद्याच्या वर मशीन न्यायचे नाही, शिडीवर किंवा झाडावर चढून एका हाताने चालवायचे नाही. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळसा घालून धरायचा. पुढच्या मुठीपुढे जी ढाल असते ती नुसती ढाल नाही. ती पुढे ढकलली गेली की साखळीला ब्रेक लागतो. हा ब्रेक मशिनांवर १९७० नंतरच्या दशकात आला. जुने मशीन विकत घेणाऱ्याने सर्वांत आधी तोच पाहावा. मशीन जमिनीवर ठेवून, साखळी फिरत असताना ढाल पुढे ढकलली की साखळी तिथल्या तिथे थांबली पाहिजे. थांबत नसेल तर मशीन फुकट मिळाले तरी घेऊ नये.

गळ्यात टॉवेल, मफलर, कमरेला सुटे धोतर किंवा लुंगी असे काही नको. बूट, डोळ्यांना चष्मा आणि कानांत बोळे असावेत. पायावर बांधायचे जाड आवरण मिळते. त्यातले धागे ओढले जाऊन साखळी गुरफटते आणि थांबते. आपल्याकडे ते कोणी घेत नाही. मीही पहिली नऊ वर्षे घेतले नव्हते.

पुन्हा नव्या मशीनकडे. इंजिनाप्रमाणे साखळीही सरावावी लागते. नवी साखळी वापरण्यापूर्वी मी रात्रभर तेलात बुडवून ठेवतो, म्हणजे प्रत्येक रिव्हेटच्या आत तेल शिरते. पहिली दोन-तीन मिनिटे हलक्या फांद्यांवर चालवून बंद करायची आणि ताण पाहायचा. नवी साखळी पहिल्या तासात भराभर सैल पडते. पट्टीच्या खालच्या बाजूला साखळी लोंबू नये, पण हाताने ओढली की सरकली पाहिजे. गरम साखळी लांबते म्हणून आपण ती मध्येच ताणतो. काम संपल्यावर तशीच ठेवली तर गार होऊन आकसते आणि क्रँकवर आणि बेअरिंगवर ओढ येते. घरी जाण्यापूर्वी तिला पुन्हा सैल करावी.

साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते. तिच्यात जळके ऑइल घालायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ट्रॅक्टरचे काढलेले काळे तेल फुकट असते, हे खरे. पण त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो. तो तेलपंप आणि पट्टी दोन्ही खातो. ते तेल अंगावरही उडते आणि कातडीला घातक असते. साखळीचे चिकट तेल मिळाले तर उत्तम, नाहीतर इंजिनचे नवे तेल वापरावे. तेल येते की नाही ते पाहायला पट्टीचे टोक कापलेल्या बुंध्यावर वीतभर अंतराने धरून रेस द्यावी. तेलाची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोल भरताना दर वेळी हे तेलही भरावे. पट्टी दर धारेच्या वेळी उलटी करून बसवावी आणि खाचेतला भुसा काढावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

धार गेली हे ओळखायला मशीन ऐकू नका, भुसा पाहा. चांगली साखळी ढलप्या फेकते. बोथट साखळीतून पीठ येते. मग माणूस जोर लावतो, लाकडातून धूर निघतो आणि इंजिन तापते. काप एका बाजूला वळत जात असेल तर एका बाजूचे दाते लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड झालेले असतात. दोन्ही बाजूंना कानशीचे हात सारखे मोजून मारावेत. कानस गोल, साखळीच्या मापाची. माझ्या साखळीला ४.८ मिलिमीटरची लागते. कोन बहुधा ३० अंशांचा असतो आणि दात्यावर त्याची रेघ कोरलेली असते.

आता या साखळीची कुळकथाही थोडक्यात सांगतो. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवरचे आणि १९२९ साली पेट्रोलवरचे मशीन बनवले. ती दोन माणसांनी उचलायची धुडे होती आणि साखळीचे दाते आपल्या साध्या करवतीसारखे टोकदार होते. अमेरिकेत ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या या दात्यांना कानस मारून मारून कंटाळला होता. १९४६ च्या सुमारास त्याला एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड खाताना दिसली. तिचे दोन जबडे डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने चालत आणि लाकूड आडवे असो की उभे, सारखेच पोखरत. त्यावरून त्याने आजचा वाकडा दाता बनवला. हुमणीने आपले एवढे नुकसान केले, पण तिच्याच जातीतल्या एका अळीने माणसाला हे शिकवले.

दहाव्या टाकीला त्याच ओढ्याकाठी, त्याच बाभळीच्या उरलेल्या तुकड्यावर तात्यांना पुन्हा बसवले. मधल्या काळात नव्याच्या साखळीला मी स्वतः धार लावली होती, उंचवटे मापाने ठेवून. नव्याने बारा आकड्यांत फाक पाडली. तीच साखळी जुन्यावर घातली, पंधरा. आणि हिसका दोन्हींवर नाही. तात्या थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “खोंड शिकला म्हणायचा.” तुलना करायचीच असेल तर अशी करावी. साखळी तीच, लाकूड तेच, मिश्रण तेच, दोन्ही मशिने गरम झालेली, आणि वरून दाब न देता आपल्या वजनाने उतरू दिलेली.

आकड्यांखेरीजही फरक आहेत. नवे पेट्रोल कमी पिते. जुन्यात सिलिंडर धुऊन काढताना काही ताजे मिश्रण न जळताच सायलेन्सरवाटे बाहेर जाते. नव्या पद्धतीच्या इंजिनात जळका धूर आणि ताजे मिश्रण यांच्यामध्ये नुसत्या हवेचा थर सोडलेला असतो, तो थर बाहेर जातो आणि पेट्रोल वाचते. धूरही कमी येतो. हाताला बसणारी थरथर नव्यात निम्मी वाटते. जुन्याचे रबरी बफर बसले होते, ते बदलल्यावर तेही बरेच सुधारले. ही थरथर वर्षानुवर्षे सोसली की थंडीत बोटे पांढरी पडतात आणि बधिर होतात, म्हणून बफरचे पैसे वाचवू नयेत.

जुन्याची एक गोष्ट मात्र मला अजून आवडते. एक पाना आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन ते झाडाखाली बसून उघडता येते. कारबोरेटरचे स्क्रू मोकळे आहेत. लाकडाबाहेर क्षणभर पूर्ण रेस दिली की ते किंचित फडफडते आणि लाकडात शिरताच आवाज स्वच्छ होतो. ही फडफड म्हणजे मिश्रण जाड असल्याची खूण, ती असावी. लाकडाबाहेरही आवाज सुईसारखा स्वच्छ आणि कर्कश येत असेल तर ताबडतोब थांबवावे. नव्याच्या स्क्रूंना टोप्या लावलेल्या आहेत आणि ते दुकानातच लावून घ्यावे लागतात. हे मला पटत नाही, पण ज्याला आवाज ओळखता येत नाही त्याने स्क्रूला हात न लावलेलाच बरा.

जुने मशीन विकत घेणाऱ्यांसाठी आणखी दोन खुणा. स्विच बंद ठेवून दोरीची मूठ धरा आणि मशीन अधांतरी लोंबू द्या. ते अडखळत, थांबत थांबत खाली आले तर दाब शिल्लक आहे. सरळ खाली घसरले तर रिंगा गेल्या. दुसरी, सायलेन्सर काढून आत पिस्टन पाहा. उभे ओरखडे दिसले की त्याने एकदा तरी तेलाविना पळ काढलेला आहे, विकणारा काहीही सांगो.

झाडाला मशीन लावण्यापूर्वी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ ध्यानात ठेवावा. आंबा, चिंच, जांभूळ, साग, मोह यांसारखी झाडे स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. फांद्या छाटायच्या असल्या तरी आधी विचारलेले बरे.

पावसाळ्यापूर्वी दोन्ही मशिनांच्या टाक्या रिकाम्या केल्या आणि कारबोरेटरमधले उरलेले संपेपर्यंत ती मंद चालवून बंद केली. साखळ्या तेलात बुडवून ठेवल्या आहेत. जुने आता धाकट्या भावाकडे जाणार आहे. देताना मी त्याला डबाही दिला आणि वर नाव घालूनच दिले. नव्याच्या अकराव्या टाकीला विहिरीवरची नीलगिरी ठरली आहे, पण ती उसाच्या बाजूला झुकलेली असल्याने फड तुटेपर्यंत थांबावे लागेल.